लॅपटॉपचे बटण चालेना? घाईत होणाऱ्या या चुका टाळा

पावसाळा लागला की कोकणातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला पाणी सुटते. हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि त्यातच विरघळू लागते. जून ते सप्टेंबर या काळात आपल्या किनाऱ्यावरची आर्द्रता बहुतेक दिवस या मर्यादेच्या वरच असते. हेच मीठ समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर अतिशय बारीक कणांच्या रूपाने घरात शिरते, खिडकीच्या गजांवर बसते, पंख्याच्या पात्यांवर बसते आणि उघड्या ठेवलेल्या लॅपटॉपच्या बटणांमधल्या फटींतही बसते. बरणीत जे घडते तेच मग कीबोर्डच्या आत घडते, फक्त डोळ्यांना दिसत नाही.

वेंगुर्ल्यात गेली बारा वर्षे मी लॅपटॉप दुरुस्तीचे काम करतो आहे. या काळात माझ्याकडे आलेल्या कीबोर्डांपैकी खाऱ्या हवेने बिघडलेले पुष्कळ होते, हे खरे. पण मूळ बिघाड किरकोळ असताना उपाय करण्याच्या घाईत कायमचे निकामी झालेले कीबोर्डही कमी नव्हते. या लेखात मुख्यतः त्या घाईविषयी लिहायचे आहे.

बिघाड कुठे आहे हे न पाहता बटण उपटणे

काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात एक शिक्षिका लॅपटॉप घेऊन आल्या. चाचणी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका टाइप करायच्या होत्या आणि अर्धा कीबोर्डच गेला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पाहिले तर 'के' दाबल्यावर २ उमटत होता, 'एल' दाबल्यावर ३ आणि 'एम' दाबल्यावर शून्य. लहान आकाराच्या, विशेषतः जुन्या लॅपटॉपमध्ये आकड्यांचा वेगळा विभाग नसतो. नम लॉक चालू झाले की उजव्या हाताची काही अक्षरे आकड्यांचे काम करू लागतात. फंक्शन बटणासह नम लॉक एकदा दाबले आणि कीबोर्ड पूर्ववत झाला. मात्र तोपर्यंत घरच्या कोणीतरी मदत म्हणून 'के'चे बटण स्क्रूड्रायव्हरने उपसले होते आणि त्याखालची नाजूक क्लिप मोडली होती. ज्या बटणात काहीही दोष नव्हता, तेच कायमचे ढिले झाले.

असे फसवे बिघाड आणखी आहेत. विंडोजमध्ये उजवे शिफ्ट बटण ८ सेकंद दाबून धरले की फिल्टर कीज ही सोय चालू करण्याविषयी विचारणा होते आणि वाचताना हात शिफ्टवर टेकला तरी ती समोर येते. अशा वेळी न वाचता 'हो' म्हटले गेले, तर झटकन दाबून सोडलेली अक्षरे उमटतच नाहीत आणि बटणे मेली असे वाटते. शिफ्ट लागोपाठ ५ वेळा दाबल्यावर येणारी स्टिकी कीज ही सोयही, जिच्यात शिफ्ट किंवा कंट्रोल सोडल्यावरही दाबलेलेच धरले जाते, तशीच गोंधळात टाकते. अवतरणचिन्ह दाबल्यावर ॲट द रेटचे चिन्ह आणि ॲट द रेटच्या जागी अवतरणचिन्ह येत असेल, तर बहुधा अमेरिकन कीबोर्डवर ब्रिटिश मांडणी निवडली गेलेली असते. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून मांडणी बदलली की प्रश्न मिटतो.

मराठीत टाइप करणाऱ्यांची फसगत थोडी निराळी असते. इनस्क्रिप्ट मांडणीत काना इंग्रजी 'ई'च्या बटणावर आणि पाय मोडण्याचे चिन्ह 'डी'च्या बटणावर आहे. 'ई' गेले की 'बाजार' लिहिताना 'बजर' उमटतो, 'डी' गेले की 'रत्नागिरी'ची 'रतनागिरी' होते, आणि माणूस फॉन्ट बिघडला असे समजून एकामागून एक फॉन्ट बसवत राहतो. मराठीत काही गडबड दिसली तर तेच बटण इंग्रजीत दाबून पाहावे. तिथेही अक्षर उमटत नसेल तर फॉन्टचा काही संबंध नाही.

म्हणून पहिली पायरी एकच: यूएसबीचा बाहेरचा कीबोर्ड शेजाऱ्याकडून मागून आणावा आणि जोडून पाहावा. त्यावरही तीच अडचण येत असेल तर दोष बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहे. शंका उरलीच तर लॅपटॉप सुरू होताना बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मूळ सेटिंगच्या, पडद्यावर जाऊन तिथे चालणारी बटणे, म्हणजे बाणांची, एंटर आणि एस्केप, दाबून पाहावीत. तिथे विंडोज सुरूच झालेले नसते, त्यामुळे तिथेही न चालणारे बटण खरोखरच नादुरुस्त असते.

पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसणे हीही अशीच एक चूक आहे. पासवर्डमधले एखादे अक्षर उमटत नसेल तर कितीही वेळा टाकून उपयोग नाही. चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून काय उमटते आहे ते पाहावे आणि खाली उजवीकडच्या ॲक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून पडद्यावरचा कीबोर्ड उघडून माउसने पासवर्ड भरावा.

कोणती बटणे गेली याची नोंद न करणे

लॅपटॉपच्या बटणाखाली प्लॅस्टिकची कात्रीसारखी क्लिप असते, तिच्या मधोमध रबराची छोटी टोपी असते आणि त्याखाली प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यांचे थर असतात. या पडद्यांवर बहुधा चांदीयुक्त शाईच्या बारीक रेषा छापलेल्या असतात. बटण दाबले की वरच्या पडद्यावरची रेषा खालच्या रेषेला टेकते आणि अक्षर उमटते. प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. बटणे उभ्या आणि आडव्या रेषांच्या जाळ्यात जोडलेली असतात, आणि हे जाळे एका चपट्या रिबन केबलने मदरबोर्डला, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किटला, जोडलेले असते.

ही रचना लक्षात घेतली की नोंदीवरून बरेच काही कळते. नोटपॅड उघडावे, प्रत्येक बटण एकेकदा दाबावे आणि जे चालत नाही ते कागदावर लिहावे. एकच बटण जात असेल तर बहुधा त्याखाली कचरा आहे किंवा रबर बसले आहे, आणि ते घरी सुधारण्याची शक्यता असते. चार-सहा बटणे एकदम गेली असतील तर एखादी रेषा तुटली आहे किंवा केबल सैल झाली आहे. तिथे वरून कितीही पुसले तरी फरक पडणार नाही. एक बटण दाबल्यावर दोन अक्षरे उमटत असतील तर आत ओलावा शिरल्याची शंका घ्यावी. ओलावा आणि विद्युतदाब एकत्र आले की चांदी शेजारच्या रेषेकडे सूक्ष्म धाग्यांसारखी वाढत जाते आणि दोन रेषा आपसात जोडल्या जातात. किनाऱ्यालगतच्या घरांतून येणाऱ्या कीबोर्डांमध्ये ही तक्रार मला वारंवार दिसते. कंट्रोल बटण आतून दाबलेले राहिले तर 'एस' दाबताच फाइल जतन होते, 'डब्ल्यू' दाबताच खिडकी बंद होते, आणि लोक व्हायरस आला म्हणून धावत येतात.

एक गोष्ट मात्र इथेच सांगायला हवी. कीबोर्डचा मधला भाग वर उचललेला दिसत असेल, टचपॅड घट्ट झाले असेल किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल, तर बटणांचा विचार तिथेच सोडून द्यावा. आतली बॅटरी फुगली असण्याची शक्यता असते. चार्जिंग थांबवावे, लॅपटॉप बंद करावा, दाबू किंवा टोचू नये आणि थेट दुरुस्तीला न्यावा.

सांडल्यावर "चालतो का" म्हणून सुरू करून पाहणे

कोकम सरबत, सोलकढी आणि दुधाचा चहा ही आमच्याकडच्या कीबोर्डांची तीन मुख्य दुखणी आहेत. सांडल्यावर बहुतेकजण वरून फडक्याने पुसतात, दहा मिनिटे पंख्याखाली ठेवतात आणि लगेच बटण दाबून पाहतात. माझ्या अनुभवात याहून महाग पडणारी चूक दुसरी नाही. नुसत्या ओलाव्याने जेवढे नुकसान होते, त्याच्या कितीतरी पट नुकसान ओल्या भागातून वीज वाहिल्याने होते. त्या वेळी तांब्याच्या आणि चांदीच्या रेषा अक्षरशः खाल्ल्या जातात.

सांडल्याबरोबर हात कोरडे करून चार्जर भिंतीकडून काढावा आणि पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरून लॅपटॉप पूर्ण बंद करावा. काढता येणारी बॅटरी असेल तर काढावी. मग लॅपटॉप उघडून, कीबोर्ड खाली येईल असा, कौलारू छपराच्या दोन उतारांसारखा टेबलावर उपडा ठेवावा, म्हणजे पाणी मदरबोर्डकडे न जाता बाहेर पडते. या अवस्थेत किमान ४८ तास जायला हवेत. पावसाळ्यात आपल्याकडे वाळत घातलेला कपडा दोन दिवसांतही नीट वाळत नाही, हे लक्षात घेऊन मी तर शक्य तितक्या लवकर तो उघडून घ्या असेच सांगतो.

तांदळाच्या डब्यात ठेवल्याने काही साधत नाही. तांदूळ हवेतला ओलावा फारच थोडा ओढतो, आणि त्याचे पीठ व कण फटींत जातात ते वेगळेच. ॲपलनेही २०२४ मध्ये ओला आयफोन तांदळात ठेवू नका असे आपल्या ग्राहकांना सांगितले. हेअर ड्रायरच्या गरम झोताने बटणे वाकतात आणि पाणी अधिक आत ढकलले जाते. कडक उन्हात ठेवणे बॅटरीसाठी वाईट. चुलीच्या वैलावर, म्हणजे ऊब असते तिथे, ठेवलेला एक लॅपटॉप माझ्याकडे आला होता. त्याची खालची बाजू वितळून विटेसारखी झाली होती.

साधे पाणी आणि गोड पेय यांत मोठा फरक आहे. पाणी निघून जाते; साखर राहते. सरबत सांडलेला एक कीबोर्ड उघडला तेव्हा 'एच', 'जे' आणि 'एन' यांच्याखाली गुलाबी, चिकट थर होता, त्यात लाल मुंग्या अडकलेल्या होत्या, आणि जिथे आमसुलाचा आंबटपणा पोचला होता तिथल्या चांदीच्या रेषा काळ्या पडल्या होत्या. पडद्यांचे थर कडेने चिकटवलेले असल्याने आत गेलेले सरबत बाहेर येत नाही. लोक दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून वरून लावतात, पण साखर अल्कोहोलमध्ये जवळपास विरघळत नाही, तिला पाणीच लागते. म्हणून गोड पेय खोलवर गेले असेल तर कीबोर्ड वाचवण्याचा हट्ट न धरता तो बदलावा आणि मदरबोर्ड लवकर स्वच्छ करून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

साफसफाईतल्या चुका

धूळ, केस किंवा बिस्किटाचा चुरा यामुळे अडकलेले बटण मात्र घरी नीट होऊ शकते. लॅपटॉप पूर्ण बंद करून तिरका धरावा, कोऱ्या मऊ ब्रशने फटी झाडाव्यात आणि हातपंपाच्या रबरी ब्लोअरने बाजूने हवा मारावी. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा कधीही मारू नये. तिच्यात पाणी आणि तेलाचा अंश असतो आणि तिच्या जोराने बटणे उडतात. तोंडाने फुंकरही नको, तिच्यासोबत वाफ जाते. खोबरेल किंवा शिलाई मशीनचे तेल सोडल्याने बटण दोन दिवस मोकळे वाटते आणि मग त्या तेलावर धूळ बसून घट्ट चिखल होतो. हाताला लावायच्या सॅनिटायझरमध्ये पाणी आणि ग्लिसरीन असते. लावायचेच असेल तर ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काडीला जेमतेम ओल येईल इतकेच, ज्योतीपासून दूर वापरावे. मुंग्यांसाठी कीबोर्डवर औषध फवारू नये.

बटणाची वरची टोपी, म्हणजे कॅप, काढावीच लागली तर धातूऐवजी पातळ प्लॅस्टिक वापरावे, आणि त्या मॉडेलची क्लिप कोणत्या बाजूने सुटते ते आधी पाहून घ्यावे. स्पेसबार, एंटर, शिफ्ट आणि बॅकस्पेस यांना हात लावू नये. या लांब बटणांखाली तारेचा आधार असतो आणि तो परत बसवताना बहुतेकांचे हात टेकतात.

कीबोर्ड स्वतः बदलण्याचा विचार असेल तर रिबन केबलच्या खाचेवरची छोटी पट्टी जपावी. ती नखाने हळूच वर करायची असते, ओढायची नसते. पहिल्याच वर्षी माझ्या हातून एका ग्राहकाच्या लॅपटॉपची ती पट्टी तुटली होती आणि मदरबोर्डवरची खाच बदलून द्यावी लागली होती. आजही ती उचलताना मी श्वास रोखतो. सुटा भाग मागवताना नुसते मॉडेलचे नाव देऊ नये; जुन्या कीबोर्डच्या मागच्या लेबलवरचा भाग क्रमांक, एंटरचा आकार आणि बटणांखालच्या दिव्याची वेगळी केबल आहे का, हे तिन्ही जुळायला हवे. पुष्कळ नव्या लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरच्या आवरणाला प्लॅस्टिकच्या रिबिटांनी जोडलेला असतो, तिथे घरी प्रयत्न करू नये. भाग येईपर्यंत मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या मोफत प्रोग्राममधून मेलेल्या बटणाचे काम एखाद्या न लागणाऱ्या बटणाकडे देता येते.

बंद घरात ठेवून जाणे

चाकरमानी मे महिन्यात येतात, मुलांसाठी जुना लॅपटॉप गावच्या घरी ठेवतात आणि गणपतीला परत येतात. तीन महिने बंद घरात, दमट हवेत पडलेल्या त्या लॅपटॉपची निम्मी बटणे तेव्हा चालत नाहीत. रोज वापरातला लॅपटॉप स्वतःच्या उबेने आतून कोरडा राहतो; पडून राहिलेला ओल धरतो. ठेवायचाच असेल तर हवाबंद डब्यात, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, बॅटरी साधारण निम्मी भरलेली ठेवावी, आणि गावच्या माणसाला महिन्यातून एकदा पुड्यांचा रंग पाहायला सांगावे. कीबोर्डवर घालायचे सिलिकॉनचे आवरण सांडण्यापासून वाचवते, पण दमट दिवसांत तेच ओल कोंडून ठेवते. रात्री ते काढून वाळवावे.

वातानुकूलित डब्यातून कणकवली किंवा कुडाळ स्थानकावर उतरल्यावर थंड लॅपटॉप लगेच बाहेर काढला तर चष्म्याच्या काचेवर येते तशी वाफ त्याच्या आतही धरते. घरी पोचल्यावर त्याला तासभर बॅगेतच राहू द्यावे, मग बाहेर काढून झाकण उघडावे आणि त्यानंतरच सुरू करावा.