वेबर कार्ब ट्यून करायला बसलात? मेन जेटला सगळ्यात शेवटी हात लावा

जुन्या गाडीला दोन साइडड्राफ्ट (आडवी हवा ओढणारे) वेबर कार्ब्युरेटर बसवले की पहिल्या रविवारी प्रत्येक जण मेन जेट, म्हणजे मुख्य पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा पितळी तुकडा, काढून बसतो, मीपण बसलो होतो. गाडी हलक्या ॲक्सिलरेटरवर झटके देत होती आणि कार्बच्या तोंडातून फट् फट् थुंकत होती, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय असं समजून मी १३० नंबरचा जेट काढून १३५ चा केला, मग १४०, मग १४५. फुल रेसला प्लग काळेकुट्ट झाले पण थुंकणं काही थांबेना. दोन रविवार गेल्यावर कळलं की इंजिनात मिश्रण नेणाऱ्या मॅनिफोल्डला कार्ब जिथे बसतो तिथली एक ओ-रिंग (रबरी सील) चेपून फाटली होती आणि तिथून हवा आत जात होती, जेटचा यात काही संबंधच नव्हता.

म्हणून खाली जे लिहितोय ते त्याच क्रमाने करा, मधलं काही गाळू नका. उदाहरणाला चार सिलिंडरचं १६०० सीसी इंजिन आणि डीसीओई ४० (दोन तोंडांचा वेबर, ४० म्हणजे तोंडाचा बोअर मिमीत) ची जोडी धरतोय, ४५ असला तरी पद्धत तीच.

कार्ब उघडायच्या आधी टॅपेट, प्लग, पॉइंटचा गॅप, इग्निशन टायमिंग आणि कॉम्प्रेशन बघून घ्या. कंटाळवाणं आहे माहितीये, पण डिस्ट्रिब्युटरचा ॲडव्हान्स अडकलेला असेल तर जगातला कुठलाही जेट तो दोष झाकणार नाही. पेट्रोलचं प्रेशर गेज लावूनच मोजा, वेबरला साधारण ३ पीएसआय पुरतं, इलेक्ट्रिक पंप त्याच्यापेक्षा बराच जोर लावत असेल तर नीडल व्हॉल्व्ह (पेट्रोल अडवणारी सुई) दाबून पेट्रोल वर येतं आणि गाडी कायम रिच, म्हणजे जास्त पेट्रोलवर, चालते, अशा वेळी रेग्युलेटर बसवायचा. आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा, हे कार्ब बॅकफायर झाले की तोंडातून ज्योत येऊ शकते.

हवेची गळती शोधायला इंजिन चालू ठेवून जोडाच्या आजूबाजूला कार्ब क्लीनरचा अगदी बारीक फवारा मारा, आरपीएम बदलला की तिथेच भोक आहे. एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड त्याच बाजूला, खाली असेल तर मात्र हा प्रयोग करू नका, पेट घेईल. माझ्या ओ-रिंगचं कारण असं की मी नट कचकचून आवळले होते. हे कार्ब थोडे हलते ठेवायचे असतात, नटाखालच्या दुहेरी स्प्रिंग वॉशरच्या वेटोळ्यांमध्ये बारीक फट राहिली पाहिजे, नाहीतर इंजिनची थरथर थेट फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बमधल्या पेट्रोलच्या कुंडीत, जाते आणि पेट्रोलला फेस येतो.

आता फ्लोट, म्हणजे त्या कुंडीतली पेट्रोलची पातळी ठरवणारा तरंगता भाग. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि तरी लोक ते टाळतात. वरचं झाकण काढा, गॅस्केट जागेवर ठेवून झाकण उभं धरा म्हणजे फ्लोट लोंबकळेल, आणि फ्लोटची पट्टी नीडलच्या टोकावरच्या स्प्रिंगवाल्या गोळीला फक्त टेकली पाहिजे, गोळी आत दाबली गेली तर माप चुकलं. आता गॅस्केटपासून फ्लोटपर्यंत अंतर मोजा. पितळी फ्लोटच्या बऱ्याच जुन्या कार्बला ८.५ मिमी असतं, प्लास्टिक फ्लोटला १२ मिमी, पण मॉडेलप्रमाणे बदलतं म्हणून आपल्या कार्बवरचा नंबर बघून खात्री करा. मोजायला त्याच मापाचं ड्रिल बिट फटीत सरकवून बघतो मी, पट्टीपेक्षा बरं पडतं.

मग चोक. इथे चोक म्हणजे थंडीत गाडी चालू करायला ओढतो तो नाही हां, वेबरच्या भाषेत चोक म्हणजे व्हेंच्युरी, आतली अरुंद नळी. मॉडिफिकेशनची खरी गोष्ट इथे आहे आणि इथेच हावरटपणा नडतो. मोठा चोक घातला की वरच्या आरपीएमला हवा जास्त मिळते हे खरं, पण खाली हवेचा वेग पडतो, मेन सर्किट (मेन जेटचा पेट्रोलचा मार्ग) उशिरा चालू होतं आणि गाडी रस्त्यावर मेल्यासारखी वाटते. १६०० च्या रस्त्यावर चालणाऱ्या इंजिनला ३० ते ३२ चोक भरपूर झाला. थंब रूल म्हणजे कार्बचा बोअर चोकच्या सव्वापट, म्हणजे ३२ ला ४० आणि ३६ ला ४५.

चोक ठरला की बाकीचे जेट अंदाजाने निघतात. मेन जेट चोकच्या चौपट, ३२ गुणिले ४ म्हणजे १२८, जवळचा १३०. एअर करेक्टर (मेन जेटच्या पेट्रोलमध्ये हवा सोडणारा जेट) त्याच्यापेक्षा ५० ने मोठा, म्हणजे १८०. जेटवरचा आकडा म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, १३० म्हणजे १.३० मिमीचं भोक. निदान तसं असायला हवं. मला एकदा जुन्या सेटमध्ये असे जेट मिळाले की नंबर सगळ्यांवर एकच पण कुणीतरी ड्रिल मारून भोकं मोठी केलेली, चारही वेगवेगळी. ड्रिल मारू नका, प्लीज, भोक खडबडीत होतं आणि आकड्याला काही अर्थ उरत नाही. जेटचा नवा सेट घ्या. इमल्शन ट्यूबला (ती हवा पेट्रोलमध्ये मिसळणारी भोकांची नळी) सुरुवातीला हात लावू नका, तिच्यावर एफ ११ किंवा एफ १६ असेल तर चालू द्या.

आता सिंक, म्हणजे सगळी तोंडं सारखी हवा ओढतील असं जुळवणं. एअर फिल्टर काढा, इंजिन पूर्ण गरम करा आणि एअरफ्लो मीटर प्रत्येक तोंडावर धरून आकडा बघा. मीटर नसेल तर रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं टोक कार्बच्या तोंडात, प्रत्येक वेळी तेवढंच आत, धरून आवाज ऐका. ज्या कार्बचा सूं सूं आवाज जास्त तो जास्त हवा ओढतोय. दोन कार्बच्या मधल्या लिंकेजचा स्क्रू फिरवून आवाज जुळवायचा, सुरुवातीला गंमत वाटते पण कान पटकन तयार होतो. एकाच कार्बच्या दोन तोंडांत फरक असेल तर स्पिंडल (थ्रॉटलच्या झडपांचा दांडा) पिळलेला असू शकतो. नव्या मॉडेलना त्यासाठी एअर बायपास स्क्रू असतात, ते बंद ठेवायचे आणि कमी ओढणाऱ्या तोंडाचाच थोडा उघडायचा.

मिक्स्चर स्क्रू (आयडलिंगचं मिश्रण कमीजास्त करणारे) हलक्या हाताने तळाला टेकवा, जोर लावलात तर टोक खराब होईल. बारीक आट्यांचा स्क्रू असेल तर तिथून दोन फेरे बाहेर. मग एकेक सिलिंडर घेऊन स्क्रू आत फिरवत जा, इंजिन अडखळायला लागलं की हळूहळू परत बाहेर, आणि आरपीएम जिथे सगळ्यात वर जाऊन स्थिर होतो तिथे सोडा. शेवटी आयडलिंग ९०० ते १००० च्या आसपास आणा. आयडलिंगचा स्क्रू मात्र फार आत घालावा लागत असेल तर थांबा, कारण मग बटरफ्लाय (थ्रॉटलची झडप) प्रोग्रेशनची भोकं, म्हणजे आयडलिंगच्या पुढे पेट्रोल देणारी बारीक भोकं, उघडतो आणि मिक्स्चर स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नाही, लोक इथे तासन्‌तास डोकं आपटतात.

मिक्स्चर स्क्रू अडीच फेऱ्यांच्या पुढे जायला लागला तर आयडल जेट (आयडलिंग आणि हलक्या ॲक्सिलरेटरला पेट्रोल देणारा) लहान आहे, दीडच्या आत बसला तर मोठा. आणि आता ज्यासाठी एवढं सगळं लिहिलं ते, हलक्या ॲक्सिलरेटरवर साधारण ३००० आरपीएमपर्यंत गाडी बहुतेक आयडल जेटवरच चालते. सिग्नलवरून निघताना, रस्त्यावर ४०-५० च्या स्पीडला, सगळीकडे तोच. त्यामुळे झटके, थुंकणं, पाय सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाके, यात आधी आयडल जेटवर संशय घ्या. ५० एफ ८ असेल तर ५० एफ ९ घालून बघा, पेट्रोलचं भोक तेवढंच पण हवेचं कमी, म्हणजे जरा रिच. तरी भागलं नाही तर ५५.

हलकं ॲक्सिलरेटर नीट झालं पण एकदम पाय दाबला की गाडी क्षणभर बसते, असं असेल तर पंप जेट, म्हणजे एकदम पाय दाबल्यावर जादा पेट्रोलची धार मारणारा. इंजिन बंद ठेवून तोंडात बघा आणि हाताने थ्रॉटल उघडा, बारीक सरळ धार लगेच आली पाहिजे. धार वाकडी किंवा उशिरा येत असेल तर कचरा आहे, आधी साफ करा, मग ३५ च्या जागी ४०.

मेन जेटचा नंबर आता. वाइडबँड मीटर (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) असेल तर फुल थ्रॉटलला १२.५ ते १३ च्या आसपास रेशो ठेवा, डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजायचं मशीन) किंवा बंद ट्रॅकवरच, चालू रस्त्यावर नको. सगळीकडे लीन (पेट्रोल कमी) असेल तर मेन जेट एक साइझ वाढवा. फक्त वरच्या आरपीएमला लीन असेल तर मेन तसाच ठेवून एअर करेक्टर कमी करा, करेक्टरच्या तीन पायऱ्या म्हणजे मेनची साधारण एक. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा, माझ्या वहीत त्या दोन रविवारांची चार पानं आहेत आणि शेवटच्या ओळीत फक्त लिहिलंय, ओ-रिंग बदलली, परत १३०.