आर्मीचा जुना ट्रक घेताय? आधी ब्रेक, मग बाकीचं

लिलावाच्या साइटवर हिरवा सहाचाकी ट्रक सेकंडहँड कोरोलाच्या भावात दिसला की भल्याभल्यांची बुद्धी फिरते. मी पेनसिल्व्हेनियात मशीन शॉपमध्ये काम करतो आणि सुट्टीचे दिवस या ट्रकांखाली आडवा पडून घालवतो. त्यामुळे इकडच्या मराठी मंडळींपैकी कुणाला हे वेड लागलं की फोन मला येतो. पहिला प्रश्न ठरलेला: "मोठ्यात मोठे टायर कुठले बसतात हो?" दुसरा: "इंजिनातून अजून ताकद काढता येईल ना?" ब्रेकचं कुणी विचारत नाही. म्हणून मी ज्या क्रमाने काम करतो, तो इथे लिहून ठेवतो. तोही एकाच ट्रकचा, अमेरिकन सैन्याच्या एम३५ए२चा, कारण बाकीच्यांबद्दल मला तेवढ्या खात्रीने बोलता येणार नाही.

इकडे त्याला 'ड्यूस अँड अ हाफ' (म्हणजे अडीच) किंवा नुसतं 'ड्यूस' म्हणतात. अडीच टन हा माल त्याने बिनरस्त्याच्या रानातून न्यायचा. पक्क्या रस्त्यावर दुप्पट. रिकामं वजनच सुमारे ६ टन, लांबी २२ फुटांच्या आसपास, विंच असेल तर आणखी, आणि रुंदी ८ फूट. बोली लावायच्या आधी टेप घेऊन ड्राइव्हवे मोजा. शेजाऱ्यांचा आणि वसाहतीच्या नियमांचाही अंदाज घ्या. वेग ताशी ५५ मैलांच्या आसपास संपतो. तो कमी वाटत असेल तर दुसरा छंद बघा, कारण याच्यापुढे नेण्यासारखा हा ट्रक नाही.

घेताना

सर्वात आधी कागद. सरकारी लिलावातल्या ट्रकसोबत टायटलऐवजी, म्हणजे मालकीच्या कागदाऐवजी, एसएफ-९७ नावाचा फॉर्म येतो आणि त्यावरून तुमचं राज्य टायटल देतं. प्रत्येक राज्याचं तंत्र वेगळं, म्हणून बोली लावायच्या आधी आपल्या वाहन कार्यालयात विचारा. विमा कंपनीलाही आधीच फोन करा. 'मिलिटरी' शब्द ऐकून नाही म्हणणाऱ्या बऱ्याच असतात.

मग डिपस्टिक. तेलाची पातळी खुणेच्या वर असेल तर खूश होऊ नका. बोटावर घेऊन वास घ्या. डिझेलचा वास आला तर इंजेक्शन पंपाच्या बाजूने इंधन तेलात उतरतंय. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, आणि या इंजिनाचं हेड गॅस्केट हे नेहमीचंच दुखणं आहे. त्यातल्या त्यात १-डी हे नंतरचं मॉडेल बरं. इंजिनावरच्या पट्टीवर एलडीटी-४६५-१डी असं लिहिलेलं शोधा.

आता डॅशबोर्डवरचा मेन स्विच टाका आणि इंजिन चालू न करता कान द्या. टाकीतून बारीक गुणगुण ऐकू आली पाहिजे. टाकीत बुडालेला विजेचा पंप आहे तो. आवाज नसेल तर ट्रक चालेलही, पण किंमत पाडायला कारण मिळालं.

शेवटी टॉर्च घेऊन खाली जा आणि सहाही चाकांच्या आतल्या बाजू बघा. ओलसर, काळा, चिकट थर दिसला तर एक्सलचं सील गेलंय आणि गिअर ऑइल ब्रेकच्या लायनरवर पोचलंय. असा ट्रक घेऊ नये असं मी म्हणत नाही. बहुतेक सगळे असेच असतात. फक्त तो चालवत घरी आणायचा नाही. ट्रेलरवर आणायचा.

ट्रक येईपर्यंत मॅन्युअल वाचून काढा. टीएम ९-२३२०-३६१ ही मालिका: १० नंबरचा भाग ड्रायव्हरसाठी, २० आणि ३४ मेकॅनिकसाठी, २४पी पार्टांसाठी. सरकारी कागद असल्याने ती फुकट उतरवून घेता येते. एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातात द्यायची म्हणून लिहिलेली असल्याने ती इतकी सोपी आहेत, की इतकं नीट मॅन्युअल मी कुठल्याही नव्या गाडीसोबत पाहिलेलं नाही.

ब्रेक

इथे घाई नको. ड्यूसचे ब्रेक हवा आणि तेल मिळून चालतात. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर तेल ढकलतो, ते एअरपॅकमध्ये जातं, तिथे कॉम्प्रेसरची हवा त्याचा दाब कित्येक पट वाढवते, आणि तिथून एकाच लाइनने सहाही चाकांना जातं. एकाच लाइनने! एक होज फुटला, एका चाकाचा सिलिंडर गळाला, की सहाही चाकांचे ब्रेक एकदम गेले. मागे उरतो तो हँडब्रेक, आणि तो चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे शाफ्टवरच्या ड्रमवर आहे. उभा ट्रक धरून ठेवायला ठीक. चालता ट्रक थांबवायला त्याच्यावर मदार ठेवू नका.

म्हणून माझा नियम असा: विक्रेता काहीही सांगो, सहाही हब उघडायचे. चाकांना पुढे-मागे लाकडी पाचर, एक्सलखाली जॅक स्टँड, म्हणजे आपले गॅरेजातले घोडे, आणि तेही ट्रकच्या वजनाला शोभणारे. नुसत्या जॅकवर कधीही खाली जायचं नाही.

चाकाचे नट खोलताना एक गोष्ट लक्षात ठेवा. डाव्या बाजूचे नट उलट्या आट्याचे असतात, स्टडवर 'एल' कोरलेला दिसेल. सवयीने तोच नेहमीचा फेर देऊन टॉमीवर उभे राहिलात तर नट आणखी आवळेल आणि शेवटी स्टड तुटेल. मागच्या जोडचाकांना दोन नट असतात: बाहेरचा मोठा, आणि त्याच्या आत टोपीसारखा दुसरा, जो आतलं चाक धरतो.

चाक निघालं की एक्सल शाफ्टचे बोल्ट, मग बेअरिंगचे नट. त्याला मोठ्या मापाचा खास सॉकेट लागतो. छिन्नी-हातोड्याने ठोकून काढलेले नट मी पुष्कळ पाहिले आहेत आणि ते ठोकणाऱ्याला शिव्याही घातल्या आहेत. हब ड्रमसकट बाहेर येतो. तो एकट्याने उचलायच्या भानगडीत पडू नका. आत काय दिसतं ते नीट बघा. लायनर कोरडा, राखाडी असेल तर छान. तेलाने काळा पडलेला असेल तर ब्रेक क्लीनर मारून वाचवायच्या भरीस पडू नका, नवा घाला. सिलिंडरच्या रबरी टोपीची कड नखाने उचला. खालून थेंब जरी आला तरी सिलिंडर बदला. रबरी होज वरून चांगले दिसले तरी सगळे नवे. जुना होज आतून फुगतो, तेल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, आणि मग एक चाक तापत राहतं.

आता तेलाचं. अमेरिकन सैन्याने १९८०च्या दशकात या गाड्यांत डॉट-५ म्हणजे सिलिकॉनचं ब्रेक ऑइल आणलं. ते हवेतलं पाणी शोषत नाही, म्हणून वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या गाड्यांना सोयीचं. पण डॉट-३ किंवा डॉट-४ मध्ये ते मिसळत नाही. दुकानात डॉट-५.१ लिहिलेली बाटलीही मिळते. ते नाव फसवं आहे, ते सिलिकॉन नव्हे, डॉट-४च्याच जातीचं आहे. आधीच्या मालकाने काय ओतलंय ते कळत नसेल तर थोडं तेल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा. सकाळी दोन थर दिसले तर दोन्ही ओतलेली आहेत. मग सगळी लाइन रिकामी करून, धुऊन पहिल्यापासून सुरुवात. सिलिकॉन ओतताना बाटली हलवायची नाही, धार बारीक ठेवायची, कारण त्यात बुडबुडे अडकून बसतात. एअर काढायला एअरपॅकपासून सुरुवात करा, मग सर्वात लांबचं चाक, मग जवळ जवळ येत जा. पेडल घट्ट लागेपर्यंत पुन्हा पुन्हा.

एवढं झालं की पहिलं अपग्रेड इथेच करा: दोन खणांचा मास्टर सिलिंडर आणि दोन एअरपॅक, पुढचं सर्किट वेगळं, मागचं वेगळं. एक गेलं तरी दुसरं राहतं. याचे तयार संच छंदी लोकांसाठी बनवणारे इकडे आहेत. फोटोत यातलं काहीही दिसत नाही, म्हणून लोक यावर खर्च करत नाहीत.

टायर आणि इंजिन

मूळचे ९.००-२० मापाचे टायर ओल्या रस्त्यावर घसरतात, हे खरं. मागच्या जोडचाकांऐवजी एकेरी ११.००आर२० रेडियल बसवणं हा शहाणपणाचा बदल. ३९५/८५आर२० दिसायला रुबाबदार, पण चाकाचा घेर वाढला की तेवढ्याच ब्रेकला जास्त काम पडतं. शिवाय या ट्रकला पॉवर स्टिअरिंग नाही. रुंद टायर घातलेत की स्टिअरिंगचा संच घेणं आलंच.

रिम रिंगची आहे, म्हणजे टायर जागेवर धरायला तिच्यावर वेगळी लोखंडी रिंग बसते. हवा भरताना रिंग निसटली तर माणूस मरतो. इथल्या ओशाच्या, म्हणजे कामगार सुरक्षेच्या सरकारी खात्याच्या, नियमानुसार अशी चाकं पिंजऱ्यात ठेवूनच भरायची असतात. आपल्याकडे हायवेवरचे टायरवाले साखळी गुंडाळून भरतात ते पाहिलं असेल, पण तो कित्ता गिरवू नका. चाक खोलण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा, आणि रिंगचं काम येणाऱ्या ट्रकच्या टायरवाल्याकडे द्या.

इंजिन ७.८ लिटरचं, सहा सिलिंडर, टर्बो, मल्टिफ्युएल, म्हणजे अनेक प्रकारच्या इंधनांवर चालणारं. मूळ ज्वलनाची पद्धत जर्मनीच्या मान कंपनीची, आणि कॉन्टिनेंटलने तिच्यावर हे इंजिन उभं केलं. त्याच मानच्या परवान्यावर आपल्या जबलपूरला शक्तिमान ट्रक बनत असे, म्हणजे लांबचं नातं लागतं. ताकद १३० अश्वशक्तीच्या आसपास. पंपाचा स्क्रू फिरवून इंधन वाढवता येतं हे खरं आहे, आणि तसं करून पिस्टन वितळवणारेही आहेत. आधी एक्झॉस्टमध्ये तापमान दाखवणारा पायरोमीटर बसवा, मग त्यावर बोलू. मल्टिफ्युएल आहे म्हणून हॉटेलातलं तळणाचं तेल ओतणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. फिल्टर त्यांना उत्तर देतात. २६०० आरपीएमच्या पुढे मात्र उतारावरही जाऊ देऊ नका. चढ संपून उतार लागायच्या आधीच गिअर खाली घ्या.

थंडीत चालू करताना फ्लेम हीटर (इंजिनात जाणारी हवा ज्योतीने तापवणारा) वापरत असाल तर ईथरचा स्प्रे हाताशीसुद्धा ठेवू नका. मॅनिफोल्डमध्ये ज्योत आणि वरून ईथर, पुढचं सांगायला नको.

बाकीचं

वीज २४ व्होल्टची आहे, दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या जोडून. रेडिओ किंवा फोनच्या चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेऊ नका. एक उपाशी आणि एक तुडुंब असं होऊन दोन्ही जातात. कन्व्हर्टर घाला. दिवे लागत नाहीत म्हणून वायरिंग उपटण्याआधी अर्थिंगच्या जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, आणि तीन खिट्ट्यांचा तो लाइटचा स्विच नीट समजून घ्या: एक खिट्टी कुलूप उघडते, ती धरल्याशिवाय मोठी खिट्टी हेडलाइटपर्यंत जातच नाही.

रंग मी शेवटी ठेवतो. जुना सैनिकी रंग बहुधा रासायनिक हल्ल्याला टिकणारा, कार्क नावाचा असतो. तो कोरडा घासला की घातक धूळ उडते. ओला घासा, चांगला मास्क लावा, मुलांना लांब ठेवा.

रस्त्यावर काढताना लायसन्सचा प्रश्न येतो. अमेरिकेत २६,००१ पौंडांपासून व्यावसायिक लायसन्सची हद्द सुरू होते आणि एकटा ड्यूस तिच्या खाली राहतो, पण मागे जड ट्रेलर लावलात तर हिशोब बदलतो. जुन्या गाड्यांची ऐतिहासिक नंबरपाटी स्वस्त पडते. तिच्यावर रोज लाकडं वाहायची परवानगी नसते.

पहिली चाचणी रिकाम्या रस्त्यावर, रिकाम्या ट्रकने, हवेचा दाब भरू देऊन. पाचेक मैलांनी थांबा आणि प्रत्येक हबजवळ हात न्या. एखादाच जास्त तापलेला असेल तर त्याचा ब्रेक अडकतोय किंवा बेअरिंग आवळलंय. ५० मैल झाले की सगळे नट पुन्हा आवळायचे. जोडचाकांना आधी बाहेरचा ढिला करून आतला आवळा, मग बाहेरचा. एका वेळी एकच स्टड. बाहेरूनच आवळत बसलात तर आतलं चाक ढिलंच राहतं.