चढणीचा मासा कुठं अडला? नमुने घेण्याआधी जागा कशी निवडाल

पंचगंगेतल्या माशांचे जनुकीय गट तुटलेत का, म्हणजे अडथळ्यामुळं ते एकमेकांत मिसळायचे थांबलेत का, हे तपासायचं म्हटलं, की माझे विद्यार्थी जाळं घेऊन थेट कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याच्या वर-खाली निघतात. मी आधी बरग्यांची, म्हणजे पाणी अडवायला बंधाऱ्यात बसवतात त्या फळ्यांची, आठवण देतो. पावसाळ्यात ते काढलेले असतात, आणि पाणी 43 फुटांच्या धोका पातळीला पोचेपर्यंत बंधारा केव्हाच बुडालेला असतो. 2019 ला ते 55 फुटांच्याही वर गेलं. ऐन विणीच्या दिवसांत मासा बंधारा ओलांडतो. तो अडतो काठाला: रस्त्याचा भराव, ओढ्याच्या तोंडाशी बसवलेला अरुंद नळ, मळीच्या रानात ओतलेला मुरूम.

म्हणून दोन ओढे शोधा. एकाचं तोंड मोकळं, दुसऱ्याचं भरावानं दाबलेलं. नदीपासून अंतर मात्र सारखं. नाहीतर फरक अंतरामुळं पडला की भरावामुळं, हे कळणारच नाही. तिसरे नमुने नदीतले. भराव कधी पडला ते शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, आणि एखाद्या पुरात पाणी त्यावरून गेलं होतं का तेही. तेवढ्या वाटेनं आलेले चार-दोन मासेसुद्धा फरक पुसट करतात.

मासा वर्षभरात अंड्यावर येणारा, बारीक निवडा. दहा वर्षांच्या भरावाला त्याच्या दहा पिढ्या होतात, महसीरसारख्या उशिरा अंड्यावर येणाऱ्या माशाच्या दोन-तीनच.

पहिल्या पावसात चढण लागली, म्हणजे मासे विणीसाठी ओढ्यात वर चढू लागले, की जा. प्रत्येक जागी 25-30 मोठे मासे. एका खेपेत सापडलेली पिल्लं नकोत, ती सख्खी भावंडं निघतात. शेपटीच्या पराचा नखाएवढा तुकडा कापा, पोट न दाबता मासा सोडून द्या. तुकडा 95 टक्के इथेनॉलमध्ये. फॉर्मॅलिन डीएनए खराब करतं. कात्री दर माशामागे पुसून ज्योतीवर धरा. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, शाई इथेनॉलमध्ये विरघळते.

निकालात एफएसटीचा, म्हणजे दोन जागच्या माशांतला जनुकीय फरक मोजणारा, आकडा लहान आला म्हणून निर्धास्त होऊ नका. दुर्मीळ जनुकरूपं, म्हणजे एकाच जनुकाचे क्वचित आढळणारे प्रकार, आधी गळतात, त्यामुळं प्रत्येक जागी एकूण किती प्रकार उरलेत ते मोजा.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी मच्छीमार सोसायटीत चौकशी करा. तिथं त्याच माशाचं बाहेरचं बीज सोडलेलं असेल, तर तो ओढा यादीतून काढा, कितीही सोयीचा असला तरी.