कॅसेट-सीडींची संगणकावरची यादी मोबाइलवर नेताना

खंजिरी भजनं, कीर्तनं, दंडार या लोकनाट्याची रेकॉर्डिंगं असा संग्रह असलेल्या बऱ्याच घरांत त्याची यादी संगणकात असते. पण विचारणारा भेटतो पारावर, नाहीतर मोझरीला तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज आश्रमात. तेव्हा यादी खिशात हवी.

कॅटलॉगच्या सॉफ्टवेअरमधून यादी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर-फाइल) म्हणून बाहेर काढा आणि एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, विचारलं तर यूटीएफ-८ निवडा. नाहीतर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. खरी डोकेदुखी जुन्या याद्यांची. त्या कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. संगणकावर छान दिसतात, कारण तिथे तो फॉन्ट आहे. मोबाइलवर मात्र इंग्रजी अक्षरांचा काला होतो. अशी यादी आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसेल अशा अक्षरांत, करून घ्या. जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घाला, चुका हमखास तिथेच सापडतात.

कॅसेटचा क्रमांक ००७ असेल तर शीटमध्ये उघडताना पुढची शून्यं गळतात. म्हणून ‘क-००७’ असा अक्षर लावूनच लिहा, कव्हरवरही तसाच.

फाइल गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल शीट्समध्ये उघडा, मग मोबाइलवर तिच्या तीन ठिपक्यांच्या मेनूतून ‘अव्हेलेबल ऑफलाइन’ चालू करा. हे तालुक्याला रेंज असतानाच उरका. गावात टॉवर कधी दगा देईल, नेम नाही. कव्हरचे फोटो सगळे नेऊ नका, जागा खातात.

दुरुस्ती फक्त संगणकावर करायची आणि फाइलच्या नावात तारीख टाकायची.