मूल वेगळं वाटतंय? आधी वही काढा

मुलाच्या वाढीबद्दल, बोलण्या-वागण्याबद्दल शंका आली की त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘त्याचे काकाही असेच होते’ हे ऐकण्यात आम्ही दीड वर्ष घालवलं. ते काका आजही लग्नात बँड सुरू झाला की मांडवाबाहेर जाऊन उभे राहतात, हे मात्र घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं!

बोलणं उशिरा असेल तर सगळ्यात आधी कानांची तपासणी. मग नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडून डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनसाठी, म्हणजे मुलांच्या विकासाच्या तज्ज्ञ डॉक्टरांसाठी, चिठ्ठी घ्या. खाजगी फी परवडत नसेल तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा, ती सरकारी सोय आहे.

यानंतरची पायरी वहीची. मी आपटले ती इथेच.

‘नेमकं काय होतं?’ असं डॉक्टरबाईंनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, ‘हट्ट करतो, चिडतो, ऐकतच नाही.’ त्या म्हणाल्या, ‘हे तुमचं मत झालं. त्यानं काय केलं ते सांगा.’ मला सांगता येईना. पाच वर्षं ज्याच्या मागे धावत होते, त्याच्याबद्दल चार वाक्यं धड येईनात.

साधी दोनशेपानी वही घ्या. तीन रकाने आखा: आधी काय चाललं होतं, मुलानं काय केलं, नंतर आपण काय केलं. वेळ आणि जागाही लिहा. हट्टी, आळशी, लाडावलेला, मुद्दाम हे शब्द वहीत नकोत. ‘मुद्दाम नाटक केलं’ असं न लिहिता ‘कानांवर हात ठेवून टेबलाखाली गेला, बारा मिनिटं तिथेच’ असं लिहा.

सगळ्यात अवघड पहिला रकाना, कारण आपलं लक्ष जातं तेच मूल किंचाळल्यावर. म्हणून त्याच संध्याकाळी बसून मागची दहा मिनिटं आठवायची. कुठला आवाज होता, कसला वास होता, अंगात कुठले कपडे होते, भूक लागली होती का, ठरलेलं काही ऐनवेळी बदललं का.

आमच्याकडे दर गुरुवारी सकाळी रडारड व्हायची. बूट घालता घालता फेकायचा आणि दारात लोळण घ्यायचा. गुरुवारी पीटी असायची, म्हणून मी पीटीच्या सरांना मनातल्या मनात दोषी ठरवून मोकळी झाले. शाळेत जाऊन दोन शब्द बोलूनही आले. तीन आठवड्यांच्या नोंदी समोर ठेवल्या तेव्हा दिसलं की तिन्ही वेळा पहिल्या रकान्यात एकच गोष्ट होती: मिक्सर. ह्यांचा गुरुवारचा उपास, साबुदाण्याच्या खिचडीसाठी मी शेंगदाण्याचं कूट करायचे, तेही तो बूट घालत असतानाच. बुधवारी संध्याकाळी तो खाली खेळायला गेला की कूट करून ठेवायला लागले आणि गुरुवार शांत झाले. सरांची माफी मागायला जाताना मात्र पाय जड झाले होते.

आणखी दोन गोष्टी. वही मुलासमोर लिहू नका. आणि रडण्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकू नका. डॉक्टरांना दाखवायला एखाद्या मिनिटाचा पुरे. चांगल्या नोंदीही हव्यात. माझा मुलगा बसचे नंबर लिहीत चाळीस मिनिटं एका जागी बसायचा. पुढे थेरपिस्टनं त्याला बेरीज शिकवली ती त्या नंबरांवरूनच.

वहीवरून निदान करत बसू नका, ते तज्ज्ञांचं काम. पण शाळेतल्या बाईंकडूनही अशाच नोंदी मागा. एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) निदान करताना लक्षणं घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसतात का, हे पाहतात.

हट्ट की मेल्टडाउन, म्हणजे सहन न होऊन ताबा सुटणं? हट्टाला प्रेक्षक लागतो आणि हवं ते मिळालं की तो थांबतो. मेल्टडाउन चॉकलेट देऊनही थांबत नाही. तेव्हा समजावू नका, ओरडू नका, फटका तर नकोच. गर्दीतून बाजूला न्या, दिवा मंद करा, जवळ बसा आणि गप्प राहा. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी.

ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजच्या कामांचा सराव), स्पीच थेरपी जे सांगितलं असेल ते सुरू करा, अंतिम रिपोर्टसाठी अडून बसू नका. ‘सहा महिन्यांत बरं करतो’ म्हणणाऱ्याकडून सरळ उठून या. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हा ताप नव्हे उतरायला. त्यावर स्टेम सेल (मूलपेशी) हा मान्य उपचार नाही, कुणी कितीही गुळगुळीत पत्रक हातात दिलं तरी.

दिव्यांग प्रमाणपत्राला लाजू नका. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणितातली अडचण) दोन्ही आहेत. स्वमग्न मुलांसाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंतची, तिच्यात थेरपीचा खर्चही येतो.

परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या सवलतींचा उल्लेख त्याच कायद्याच्या 17व्या कलमात आहे. दहावीची वाट न पाहता आठवीतच शाळेशी बोला आणि अर्ज लेखीच द्या. आम्हाला एका शाळेनं वर्षभर तोंडी ‘बघू’ म्हणून झुलवलं. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एकीवर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसमधून हलायचं नाही.