लहान मुलांना जिम्नॅस्टिक्स: कोणत्या वयात काय आणि कसं शिकवावं

तीन वर्षांच्या मुलाला दोन्ही हात डोक्यावर सरळ ताणायला सांगा. हात जेमतेम टाळूच्या वर पोचतात. या वयात डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड, हात आखूड. सपाट मॅटवर कोलांटी मारायला लावली की भार टाळूवर आणि मानेवर येतो, तो यामुळेच. म्हणून घाई नको. खाली दिलेली वयं ढोबळ आहेत. आधीची पायरी पक्की झाली नसेल, तर सात वर्षांच्या मुलालाही तिथूनच सुरुवात करून द्या.

३ ते ४ वर्षं. अस्वलचाल (हात-पाय टेकून, कंबर वर ठेवून चालणं), खेकडाचाल (पोट वर करून हात-पायांवर चालणं), बेडूकउड्या, जमिनीवरच्या रेषेवरून चालणं, बारला लोंबकळणं. अर्धा-पाऊण तास पुरे. मुलं रांगेत ताटकळत असतील तर शिकवण्याची पद्धत बदला.

उडीनंतर जमिनीवर नीट उतरणं, सगळ्यांत आधी. माझ्या मते पहिल्या काही महिन्यांत यापेक्षा महत्त्वाचं काही नाही. पावलांमध्ये थोडं अंतर, गुडघे वाकलेले, हात समोर, नजर पुढे. उतरल्यावर तीन आकडे मोजेपर्यंत हलायचं नाही. सुरुवात जागच्या जागी उडीने करा, मग मुलाच्या गुडघ्याएवढ्या ठोकळ्यावरून. कान उघडे ठेवा: धप्प आवाज आला म्हणजे गुडघे ताठ राहिले. गुडघे आत वळत असतील तर उंची कमी करा. मागे पडताना हात जमिनीवर टेकण्याची सवय लागू देऊ नका, कोपर आणि मनगट तिथेच दुखावतं. हात छातीशी, हनुवटी आत, पाठ गोल.

कोलांटी, साधारण ५ वर्षांपासून.
१. गुडघे कवटाळून पाठीवर पुढे-मागे झुलणं. पाठ गोल राहायला हवी.
२. हनुवटी आणि छाती यांमध्ये रुमाल धरून तेच करणं. रुमाल पडला, तर मान सुटली.
३. उतरत्या मॅटवर कोलांटी. हात खांद्याइतक्या अंतरावर, कंबर उंच, नजर पोटाकडे. आधी टेकते ती खांद्यांमागची पाठ. तुम्ही आधार द्यायचा तो कमरेला आणि मांडीला. मानेवर हात ठेवून ढकलू नका.
४. सपाट मॅट, आणि शेवटी हात न टेकता उभं राहणं.

चौथी पायरी बऱ्याच मुलांना उशिरा जमते. जमू द्या.

६ ते ८ वर्षं. आता हातांवर भार. आधी ससाउड्या (हात पुढे टेकून मग पाय उडवत आणणं), मग भिंतीकडे पोट करून पावलं हळूहळू वर चढवणं, अर्ध्या उंचीवर थांबणं. पोट आत, कोपरं सरळ. कार्टव्हील (हातांवरून बाजूला चाकासारखं फिरणं) बुटक्या ठोकळ्यावर हात एकामागून एक ठेवून. पाठीची कमान मात्र खांदे मोकळे झाल्याशिवाय नको, कारण खांदे अडले की सगळा वाक पाठीच्या खालच्या भागात जातो.

स्प्लिटमध्ये (दोन्ही पाय विरुद्ध दिशांना ताणून बसताना) मुलाला वरून कधीही दाबू नका. स्वतःच्या वजनाने जेवढं खाली जाईल तेवढंच.

मनगट दुखतंय असं मूल म्हणालं, तर हातांवरचे सगळे व्यायाम त्याच दिवशी थांबवा. मनगटाजवळच्या हाडाची टोकं अजून वाढत असतात आणि वारंवारच्या भाराने ती दुखावतात. विश्रांतीनंतरही दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. तोवर उतरणं आणि तोल यांचा सराव सुरू ठेवता येतो.