गेनला हात लावलास, ते सांगितलं का नाहीस?

स्टेजवर साउंडच्या कामात दोन-चार सीझन काढलेत आणि आता लाइव्ह रेकॉर्डिंगच्या निमित्ताने स्टुडिओवाल्यांशी पहिल्यांदा गाठ पडतेय, अशा मुलामुलींसाठी हे लिहितोय. केबल गुंडाळणं, पॅच करणं, डीआय (वाद्याचा सिग्नल थेट कन्सोलला जोडणारी डबी) कुठे लावायचा हे तुम्हाला येतं, असं धरून चालतो. पुण्यात ही गाठ लवकरच पडते. दिवाळी पहाट, गणेशोत्सवातले कार्यक्रम, डिसेंबरात सवाईच्या आगेमागे होणाऱ्या छोट्या मैफली, कुठेही जा, कन्सोलशेजारी, म्हणजे आवाज मिसळायच्या टेबलाशेजारी, कुणीतरी लॅपटॉप उघडून बसलेलं असतं. तो माणूस पाहुणा नाही. त्या रात्री तुमच्या हातातला गेन, म्हणजे माईकचा सिग्नल आत येतानाच किती वाढवायचा ती कळ, निम्मा त्याचा असतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यापायी माझं जवळजवळ वर्ष गेलं.

दिवाळी पहाटेचा कार्यक्रम होता. मोकळं मैदान, थंडी, तबला सारखा उतरत होता. मी मॉनिटरकडे, म्हणजे कलाकारांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून लावलेल्या स्पीकरकडे होतो. स्टुडिओतून आलेले दादा कन्सोलच्या यूएसबीवरून सगळे चॅनल वेगवेगळे घेत होते. बुवांनी हाताने खूण केली, मॉनिटरमध्ये गळा वाढवा. सेंड, म्हणजे मॉनिटरला जाणारा आवाज, आधीच बराच वर होता. मी विचार न करता त्यांच्या चॅनलचा गेन सहा डीबीने वाढवला. पुढे द्रुत सुरू झालं, बुवा तार सप्तकात गेले आणि चॅनलचा लाल दिवा दोनदा लागला. मी तो पाहिला. गेन परत खाली आणला. कुणालाच काही बोललो नाही.

इथे जरा थांबतो, कारण नव्या मुलांची सर्वात जास्त गल्लत इथेच होते. माईकचा सिग्नल आधी गेनमधून जातो, मग त्याचं डिजिटल होतं आणि मग तो फेडर (मैदानातला आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ), मॉनिटर, रेकॉर्डिंग असा वाटला जातो. फेडर खाली-वर केला तर मैदानातला आवाज बदलतो, पण रेकॉर्डिंगला जाणारा सिग्नल सहसा फेडरच्या आधीच घेतलेला असतो, त्यामुळे तिकडे काही फरक पडत नाही. गेन हलवला की सगळंच हलतं. सहा डीबी म्हणजे व्होल्टेज दुप्पट. डिजिटलमध्ये शून्याच्या वर काहीच नसतं. लाट तिथे सपाट कापली जाते आणि कापलेला भाग कुठेच साठलेला नसतो. काही कन्सोलवर डिजिटल ट्रिम असतो, पण तो या कापाकापीनंतर येतो, त्यामुळे फाटलेला आवाज नुसता हळू होतो, सांधला जात नाही. म्हणून स्टुडिओवाले सुरुवातीलाच लेव्हल कमी ठेवायला सांगतात. २४ बिटच्या (म्हणजे बारीक आवाजही नीट टिपणाऱ्या) रेकॉर्डिंगमध्ये सर्वात मोठा सूर उणे १२ डीबीच्या आसपास राहिला तरी काही बिघडत नाही. आपल्या डोळ्यांना ते मीटर रिकामं दिसतं आणि हात शिवशिवतात. तेव्हा हात खिशात घाला.

सहाव्या दिवशी दादांचा फोन आला. कर्वेनगरच्या एका गल्लीत, तळमजल्यावर त्यांचा स्टुडिओ. त्यांनी मला मधल्या खुर्चीत बसवलं, फक्त गळ्याचा ट्रॅक ठेवला आणि प्ले केलं. मैदानात कुणाच्या लक्षातही न आलेली ती जागा तिथे जुनं कापड टरकावल्यासारखी वाजली. दादा चिडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "गेनला हात लावलास, ते सांगितलं का नाहीस? कितव्या मिनिटाला लावलास?" मला सांगता येईना. पावणेदोन तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये मी चार वेळा गेन हलवला होता आणि त्या चारही जागा शोधायला त्यांचा अख्खा दिवस गेला होता. तीन जागा लेव्हल जुळवून निभावल्या. ती बंदिश मात्र वगळावी लागली. बुवांनी त्या दिवशी गायलेलं सर्वांत सुंदर तेच होतं.

पुढचे सात महिने त्या स्टुडिओच्या एकाही कामाला मला बोलावणं आलं नाही.

आता कुणी म्हणेल, हल्ली फाटलेला आवाज दुरुस्त करणारी सॉफ्टवेअर आहेत. आहेत, आणि एखादा तबल्याचा ठोका वाचतोही. लांबलेला तार षड्ज त्यातून बाहेर येतो तेव्हा तो त्या माणसाचा गळा राहत नाही. या सॉफ्टवेअरच्या भरवशावर स्टेजवर ढिलाई करणाऱ्यांबरोबर मी काम करत नाही.

मग गायक मॉनिटर मागतोय तेव्हा काय करायचं? आधी त्याच्या मॉनिटरमधलं बाकीचं कमी करा. दहातल्या आठ वेळा गळा कमी नसतो, हार्मोनियम आणि तानपुरा जास्त झालेला असतो. तरीही गेनला हात लावायची वेळ आलीच, तर रेकॉर्डिंगवाल्याकडे बघून हात वर करा, त्याने मान हलवली की मगच फिरवा, आणि घड्याळातली वेळ लिहून ठेवा. माझ्या खिशात आता छोटी वही आणि पेन्सिल असते. '६.४२, गळा, ४ वर', एवढंच लिहितो. बजेट असेल तर ट्रान्सफॉर्मर स्प्लिटर (एकाच माईकचा सिग्नल दोन वाटांनी देणारी पेटी) मागवा, म्हणजे स्टेजचा गेन वेगळा आणि रेकॉर्डिंगचा वेगळा. फक्त ४८ व्होल्टचा फँटम (कंडेन्सर माईकला केबलमधूनच मिळणारी वीज) कुठल्या बाजूने जाणार हे आधी ठरवा. तो स्प्लिटरच्या थेट जोडलेल्या बाजूनेच माईकपर्यंत पोचतो, आणि ती केबल कुणी उपसली तर दोन्हीकडचे कंडेन्सर माईक एकदम मुके होतात.

चूक झाली तर घाबरू नका, हेही तितक्याच मनापासून सांगतो. स्टुडिओतली माणसं चुका रोज ऐकतात, तोच त्यांचा धंदा आहे. लाल दिवा लागल्यावर त्याच क्षणी मी दादांकडे गेलो असतो तर बुवांना शेवटी तीच बंदिश पुन्हा थोडी गाण्याची विनंती करता आली असती. दादांनीच मला हे नंतर सांगितलं.

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे, ते कार्यक्रमाआधी विचारून घ्या. ४४.१ किलोहर्ट्झवर घेतलेली फाइल चुकून ४८ची म्हणून वाजवली की गाणं जवळजवळ दीड पट्टी वर चढतं आणि लयही पळते. रात्री दहाला स्पीकर बंद करावे लागतात, मग सामान टेम्पोत भरायची घाई होते. पण रेकॉर्डर थांबून फाइल बंद झाल्याचं त्या माणसाने तोंडाने सांगेपर्यंत पॉवर काढू नका. आणि कलाकाराच्या नातेवाइकाने कितीही गोड बोलून पेनड्राइव्ह पुढे केला तरी रेकॉर्डिंग द्यायचं नाही, ते आपलं नाही.

गुरूबद्दलही थोडं. 'हे बटण दाब, का ते विचारू नकोस' असं सांगणाऱ्याकडे मी तीन वर्षं घालवली. माणूस वाईट नव्हता, पण मी आंधळा राहिलो. लॉ कॉलेज रोडवर एफटीआयआय या सरकारी चित्रपट संस्थेत ध्वनीचं रीतसर शिक्षण मिळतं, पण प्रत्येकाला ते जमेलच असं नाही. मला नाही जमलं. मी बुधवार पेठेतून कनेक्टर आणून दादांच्या स्टुडिओतल्या जुन्या केबल फुकट सोल्डर करून द्यायला लागलो आणि त्या बदल्यात मिक्सिंगच्या वेळी मागे बसायची परवानगी मागितली. सात महिन्यांनंतर बोलावणं आलं ते त्यातूनच. फुकट काम करू नये असं माझं मत आहे. हे एक काम मात्र मी पुन्हा करीन.

तुम्हालाही असं मागे बसायला मिळालं तर फोन घरातल्यासारखा सायलेंटवर नको, पूर्ण बंद ठेवा. एसी बंद करतील, घाम येईल, तरी खुर्ची हलवू नका. आणि गाणं संपलं की लगेच 'वा' म्हणू नका. तानपुऱ्याचा झंकार अजून रेकॉर्ड होत असतो, तो पूर्ण विरून दादांनी मागे वळून पाहीपर्यंत थांबा. माझ्या 'वा'मुळे त्यांना एक टेक पुन्हा घ्यावा लागला होता.